विजिगीषूचे व्याकरण : 'सिव्हिलायझेशन'मधील सख्याची संहिता

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला 'सिव्हिलायझेशन' हा संगणकीय खेळ १९९१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. या खेळांना संहिता मानून वाचायचे झाल्यास त्यांतील ऐतिहासिक तपशिलांची सत्यासत्यता तपासणे पुरेसे ठरत नाही. व्यक्ती, स्थळे आणि वास्तू ही या संहितेची शब्दसंपदा होय. ती कोणत्या व्याकरणाने जोडली जाते, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे. हे व्याकरण राजनयाच्या रचनेत सर्वाधिक स्पष्ट होते.

२०१६ साली आलेल्या सहाव्या 'सिव्हिलायझेशन'ला २०१८ च्या 'राइज अँड फॉल' या विस्ताराने सख्याचे पाच प्रकार दिले : संशोधनाचे, लष्करी, आर्थिक, सांस्कृतिक आणि धार्मिक. सामान्य गतीच्या डावात प्रत्येक सख्य तीस फेऱ्यांपुरते असते. टिकले तर त्याची पातळी वाढते आणि पातळीबरोबर लाभही वाढतात. अन्य संस्कृती येथे एका नेत्याच्या मुखातून बोलते आणि तिची स्मृती अधिक-उणे अंकांच्या जमाखर्चात साठवली जाते. एकट्याने खेळल्या जाणाऱ्या डावात विजय मात्र एकाच संस्कृतीचा होतो. २०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म'ने राजनयिक विजयाची सोय केली, तरी तोही एकाचाच विजय असतो. त्यामुळे मित्र हा अंतिमतः प्रतिस्पर्धीच राहतो.

हे व्याकरण भारतीय वाचकाला अपरिचित वाटू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील मंडलसिद्धान्ताच्या केंद्रस्थानी विजिगीषू आहे. त्याच्या सीमेला लागून असलेला राजा अरी आणि त्या अरीपलीकडचा मित्र, अशी ती मांडणी आहे. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र या सात प्रकृतींमध्ये मित्राची गणना होते. म्हणजे मित्र हेही विजिगीषूच्या सामर्थ्याचेच एक अंग. 'राइज अँड फॉल'मधील चंद्रगुप्ताच्या विशेष क्षमतेला 'अर्थशास्त्र' हेच नाव आहे आणि शेजाऱ्यांविषयीची नावड हा त्याचा स्वभाव आहे. येथे पात्र आणि संहितेचे व्याकरण यांत विसंगती जाणवत नाही.

त्याच विस्तारातील क्री लोकांचा नेता पाउंडमेकर याच्या बाबतीत ती तीव्रतेने जाणवते. क्री आणि ब्लॅकफूट यांचे वैर जुने होते. १८७३ साली ब्लॅकफूट नेता क्रोफूट याने पाउंडमेकरला दत्तक घेतले; लढाईत मारल्या गेलेल्या आपल्या मुलाशी त्याचे साम्य त्या कुटुंबाला जाणवले होते. दोन समाजांमधील शांततेला येथे नात्याचा आधार मिळाला. या सख्याला मुदत नव्हती आणि पातळीही नव्हती. याउलट १८७६ साली कॅनडाच्या शासनाशी झालेला सहावा करार लेखी होता. पाउंडमेकरने आक्षेप नोंदवून अखेर त्यावर सही केली. १८८५ साली कट नाइफच्या लढाईत माघार घेणाऱ्या सैन्याचा पाठलाग त्याने आपल्या योद्ध्यांना करू दिला नाही. तरीही राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

खेळकर्त्यांनी या चरित्राची दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही. पाउंडमेकरचा स्वभाव सख्यप्रिय ठेवला आहे आणि मित्रांना दिसणारा प्रदेश त्यालाही दिसेल अशी क्षमता त्याला दिली आहे. परंतु जानेवारी २०१८ मध्ये पाउंडमेकर क्री नेशनचे एक प्रमुख मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर आक्षेप घेतला, तो याच्याही मुळाशी जाणारा होता. इतरांना जिंकणे आणि त्यांची भूमी मिळवणे ही वसाहतवादी मूल्ये आदिम रहिवाशांचीही होती, असा समज हा खेळ पसरवतो, असे त्यांचे म्हणणे होते. गौरवपूर्ण चित्रणावरही हा आक्षेप लागू पडतो, कारण तो व्याकरणावर आहे. विजिगीषूच्या भूमिकेत उभे राहिल्याखेरीज या संहितेत कोणालाही बोलता येत नाही.

तुरुंगातून मुदतीपूर्वी सुटल्यावर पाउंडमेकर क्रोफूटला भेटायला गेला आणि तेथेच, ब्लॅकफूटांच्या प्रदेशात, ४ जुलै १८८६ रोजी मरण पावला. कॅनडाच्या शासनाने त्याला दोषमुक्त ठरवले ते २०१९ साली. शासनाशी केलेला करार त्याला तुरुंगापासून वाचवू शकला नाही. दत्तक नाते मात्र अखेरपर्यंत टिकले. सख्याचे पाच प्रकार मोजणाऱ्या संहितेत या सहाव्या प्रकाराला जागा नाही आणि तिची इतिहासदृष्टी जोखण्यासाठी याच अभावापासून आरंभ करावा लागेल.