वॉटसन, चार्ल्स

(१७१४–१६ ऑगस्ट १७५७). ब्रिटिश शाही आरमारातील अधिकारी, पूर्वेकडील समुद्रांतील ब्रिटिश आरमाराचा प्रमुख. विजयदुर्गचा पाडाव (१७५६), कलकत्त्याचा पुन्हा घेतलेला ताबा आणि चंद्रनगरची लढाई (१७५७) यांमुळे प्रसिद्ध. इंग्रजी चरित्रकारांचे लक्ष मुख्यतः बंगालकडे असते. मराठ्यांच्या सागरी इतिहासात मात्र कोकणच्या किनाऱ्यावरील त्याचे काही दिवस फार निर्णायक ठरले, म्हणून ते येथे विस्ताराने दिले आहेत.

वडील जॉन वॉटसन हे धर्मोपदेशक. आरमारखात्याचा प्रमुख सर चार्ल्स वेजर हा नात्यातला असल्याने बढती लवकर मिळाली. १७२८ मध्ये तो आरमारात शिरला आणि १७३८ मध्ये कप्तान झाला. तूलाँच्या लढाईत (१७४४) तो होता. १७४७ मध्ये अॅन्सन व हॉक यांनी फ्रेंचांविरुद्ध मिळवलेल्या दोन्ही विजयांत ‘प्रिन्सेस लुईझा’ हे जहाज त्याच्या हाताखाली होते. १७४८ मध्ये त्याला रिअर अॅडमिरल करण्यात आले. त्याच वर्षी त्याने न्यू फाउंडलंड व उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील आरमाराची जबाबदारी सांभाळली.

१७५४ मध्ये तो हिंदुस्थानकडे निघाला. नोव्हेंबर १७५५ मध्ये त्याचे आरमार मुंबईस आले. दक्षिणेत फ्रेंचांविरुद्ध वापरण्यासाठी आणलेली फौज घेऊन रॉबर्ट क्लाइव्हही तेव्हा मुंबईत होता. फ्रेंचांशी तह झाल्याने ती मोहीम बारगळली आणि ही सारी ताकद कोकणातील मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध वापरायचे ठरले. तुळाजी नानासाहेब पेशव्यांना जुमानत नव्हता. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी पेशवे व मुंबईकर इंग्रज यांच्यात मार्च १७५५ मध्ये करार झाला होता आणि त्यानुसार कमोडोर विल्यम जेम्स याने एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेतलाही होता. वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेला विजयदुर्ग, म्हणजे इंग्रजी कागदांतला ‘घेरिया’, समुद्राकडून अजिंक्य समजला जाई. जेम्सने आधी जाऊन पाणी मोजले. मोठी जहाजे तटाच्या माऱ्याच्या टप्प्यात नेता येतील इतकी खोली तिथे असल्याचे त्याने कळवले. पुढचा सारा बेत या मोजणीवर उभा राहिला.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी आरमार मुंबईहून निघाले. ‘केंट’वर वॉटसनचे निशाण होते, ‘कंबरलंड’वर दुय्यम सेनानी पोकॉकचे. ‘टायगर’, ‘सॉल्झबरी’, ‘ब्रिजवॉटर’ ही जहाजे आणि ईस्ट इंडिया कंपनीची गलबतेही बरोबर होती. खुष्कीच्या बाजूस पेशव्यांचे सैन्य आधीच येऊन उभे होते. किल्ला मेहुण्याच्या हवाली करून तुळाजी मराठ्यांच्या छावणीत गेला. इंग्रजांना वगळून परस्पर तडजोड होईल हे इंग्रजांच्या लक्षात आले आणि त्यांनी घाई केली. १२ तारखेस दुपारी जहाजे दोन रांगांनी खाडीत शिरली. एक कुलपी गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकले होते. त्याची आग एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांत (लढाऊ गलबतांत) पसरली आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ला मराठ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून क्लाइव्ह रात्रीच फौजेसह किनाऱ्यावर उतरला. १३ फेब्रुवारीस किल्ला शरण आला.

किल्ल्यात सुमारे अडीचशे तोफा आणि सुमारे दहा लाख रुपये रोख सापडले. ही लूट इंग्रजांनी आपसांतच वाटून घेतली, पेशव्यांना काही मिळाले नाही. वाटणीच्या प्रमाणाबद्दल आरमार व लष्कर यांच्यात मुंबईतच वाद झाला होता. क्लाइव्हच्या वाट्याची तूट आपल्या हिश्श्यातून भरून देण्याची तयारी वॉटसनने दाखवली, पण क्लाइव्हने ती रक्कम घेतली नाही.

आरमाराचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्‌ज याच्या प्रवासवर्णनात (१७७३) या मोहिमेची बारीक हकीकत मिळते. वॉटसन इंग्रजांच्या कैदेतील तुळाजीच्या कुटुंबाला भेटायला गेला तेव्हा त्या सर्वांनी रडत जमिनीपर्यंत वाकून मुजरा केला. यापुढे मला वडिलांच्या जागी माना, असे त्याने सांगताच सुमारे सहा वर्षांच्या मुलाने हुंदके देत त्याचा हात धरला आणि त्याला बाप म्हटले. डोळ्यांतले पाणी लपवण्यासाठी वॉटसनला तोंड फिरवावे लागले, असे आइव्ह्‌ज लिहितो. हा लेखक वॉटसनचा चाहता होता हे खरे, तरी पराभूत आंग्रे घराण्यातील बायकामुलांचे इतक्या जवळून केलेले वर्णन दुर्मीळ आहे. तुळाजी पुढे मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला.

करारानुसार विजयदुर्ग मराठ्यांना मिळायचा होता. इंग्रजांनी तो सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने बाणकोट व आसपासची गावे इंग्रजांकडे राहिली, तेव्हा विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. तेथे धुळप घराण्याच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार उभे राहिले. परक्यांच्या मदतीने आंग्रे बुडवण्याच्या नानासाहेबांच्या निर्णयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. विजयदुर्गच्या खाडीत जळालेल्या आरमाराच्या तोडीचे बळ मात्र मराठ्यांना समुद्रावर पुन्हा उभे करता आले नाही.

बंगालमधील कामगिरी : ऑक्टोबर १७५६ मध्ये मद्रासहून निघून बंगालच्या नवाबाने जिंकलेले कलकत्ता २ जानेवारी १७५७ रोजी परत घेतले. तेथील किल्ल्याच्या अधिकारावरून क्लाइव्हशी खटका उडाला. २३ मार्चला फ्रेंचांचे चंद्रनगर पडले, त्यात ‘केंट’ची जबर हानी झाली. नवाबाविरुद्धच्या कटातील मध्यस्थ ओमीचंद याला फसवण्यासाठी केलेल्या खोट्या करारावर वॉटसनने सही करण्याचे नाकारले आणि त्याची सही दुसऱ्याने केली. या सहीला वॉटसनची मूक संमती होती, असे क्लाइव्हने पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले. तोवर वॉटसन हयात नव्हता.

प्लासीच्या लढाईनंतर दोन महिन्यांच्या आतच तो कलकत्त्यास तापाने वारला. कंपनीने वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याचे स्मारक उभारले. त्यावर घेरियाचे नाव व तारीख कोरलेली आहे.

पत्नी रिबेका बुलर (विवाह १७४१). मुलगा चार्ल्स याला १७६० मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला.