अंदाजाचं गणित

माठ घेताना आपण त्याच्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठंतरी तडा. जमिनीच्या पोटात काय आहे हे ओळखायची रीतही मुळात हीच. वर स्फोट करायचा किंवा जड यंत्रानं जमीन हादरवायची आणि खालच्या खडकांवरून परतणाऱ्या लहरी टिपायच्या. पण आवाजावरून खडक ओळखायचा तर गणित लागतं. मी बी.ए. झालेला कवी, गणिताशी माझं नातं बेताचंच. तरीही ही हकीकत सांगावीशी वाटते.

कार्ल झोप्रिट्झ हा जर्मन तरुण १८८१ सालचा. गॉटिंगेनला एमिल विखर्ट यांच्या हाताखाली तो भूकंपलहरींचा अभ्यास करी. लहरी दोन जातींच्या. प्राथमिक लहर खडकाला पुढे-मागे ढकलत जाते, दुय्यम लहर आडवी हलवत जाते. प्राथमिक लहर तिरकी येऊन दोन थरांच्या सीमेवर आदळली की तिचे चार वाटे होतात : दोन्ही जातींची एकेक लहर मागे फिरते, एकेक पुढे जाते. कुणाच्या वाट्याला किती जोर येतो, याची चार समीकरणं झोप्रिट्झनं मांडली. टोकियोत शिकवून आलेले स्कॉटिश प्राध्यापक नॉट १८९९ मध्येच अशा समीकरणांपर्यंत पोचले होते, पण नाव रूढ झालं ते झोप्रिट्झचं. ते ऐकायला तो नव्हता. १९०८ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी तो गेला. समीकरणं छापून आली १९१९ मध्ये.

समीकरणं बिनचूक होती, आणि अडचण तिथंच होती. प्रत्येक थराची घनता आणि दोन वेग, म्हणजे दोन थरांच्या मिळून सहा गोष्टी त्यांत अशा गुंतलेल्या की कोणती गोष्ट प्रतिध्वनीला कुठं ओढते, ते दिसेना. शिवाय सगळी आकडेमोड हातानं. १९५५ मध्ये कूफूड यांनी ती चिकाटीनं केली आणि दाखवलं की, लहर जितकी तिरकी होत जाते, तसा प्रतिध्वनीचा जोर कसा बदलतो, यावर खडकाचा एक गुण उमटतो : दाबला असता तो आडवा किती फुगतो. हा गुण दोन्ही लहरींच्या वेगांच्या प्रमाणावरून कळतो.

मग माणसांनी बिनचूकपणा थोडा सोडला. शेजारचे थर एकमेकांहून फारसे वेगळे नाहीत असं धरलं, बारीकसारीक गुणाकार टाकून दिले. १९६१ मध्ये बोर्टफेल्ड, १९८० मध्ये आकी आणि रिचर्ड्स यांचा ग्रंथ, १९८५ मध्ये शुई. शुईच्या सूत्रात तीनच पदं उरली. पहिलं सरळ आदळलेल्या लहरीचं, दुसरं तिरकेपणाबरोबर होणाऱ्या बदलाचं. तिसरं साधारण तीस अंशांपुढेच जाणवतं, म्हणून बहुतेक जण ते सोडून देत. उर्दूत ‘अंदाज’ म्हणजे ढब, मराठीत अदमास. शुईच्या सूत्रात मला दोन्ही दिसतात.

याची गरज खरीखुरी होती. १९७०च्या दशकात तेलशोधक नकाशावरच्या ठळक प्रतिध्वनींमागे धावत होते, कारण वायू भरलेला वालुकाश्म तसा चमकतो. पण कोळसाही चमकतो, बेसॉल्टही. आपल्या दख्खनचा काळा पत्थर तो हाच. एकेक विहीर म्हणजे अफाट खर्च. वायू सहज दाबला जातो, म्हणून प्राथमिक लहर त्यात मंदावते. दुय्यम लहरीला खडकाच्या छिद्रांत पाणी आहे की वायू, याचं फारसं सोयरसुतक नसतं. १९८४ मध्ये ऑस्ट्रँडर यांनी कॅलिफोर्नियातल्या वायुक्षेत्रांच्या नोंदींवरून दाखवलं की, वायूच्या वाळूवरचा प्रतिध्वनी तिरकेपणाबरोबर वाढत जातो. झोप्रिट्झचं गणित आता विहिरीच्या जागा निवडायला कामी येऊ लागलं.

फसगत मात्र थांबली नाही. छिद्रांत चार-पाच टक्के वायू असला तरी प्राथमिक लहर जवळजवळ तितकीच मंदावते, जितकी भरपूर वायूत. नकाशा सुंदर दिसतो, विहिरीत विकण्याजोगं काही निघत नाही. थोडा आणि भरपूर यांतला फरक घनता सांगते. आणि घनता वेगळी काढायची तर ते सोडून दिलेलं तिसरं पद परत घ्यावं लागतं, त्यासाठी फार तिरके, दुरून येणारे, गोंगाटात बुडालेले प्रतिध्वनी टिपावे लागतात.