हात कुणाचा, सही कुणाची

मेडिकल शिक्षणाचा इतिहास कलकत्त्यापासून सांगायची रीत आहे. १८३५ मध्ये तिथं मेडिकल कॉलेज निघालं. १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी चार विद्यार्थी बरोबर घेऊन माणसाचं प्रेत फाडलं. जातीनं वैद्य, संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवलेला माणूस. त्यानं मढ्यावर सुरी चालवली म्हणून फोर्ट विल्यमवरून तोफा झाडल्या असं सांगतात. झाडल्या की नाही ते त्या तोफांनाच ठाऊक.

आपला प्रश्न वेगळा आहे, मित्रांनो. त्याच्या आधी शेकडो वर्षं या देशात मढ्याला हात कोण लावत होतं? ढोर मेलं की महारानं ओढायचं. कातडं ढोर-चांभारानं कमवायचं. कुणी मेलं की सांगावा घेऊन रानोमाळ महारानं पळायचं, सरणाची लाकडं त्यानंच फोडायची. त्याच्यासाठी तोफ सोडा, फटाकडीसुद्धा कुणी वाजवली नाही. हाड कुठं जोडलेलं असतं, आतडं किती लांब असतं, काळीज कुठल्या पडद्याआड असतं हे आमच्या आज्या-पणज्यांनी पुस्तकात नाही, हातानं पाहिलेलं होतं. पण त्याला शरीरशास्त्र कुणी म्हटलं नाही. विटाळ म्हटलं.

शास्त्रांनी वैद्यालासुद्धा सोडलं नव्हतं. श्राद्धाला कुणाकुणाला बोलावू नये याची यादी मनुस्मृतीत आहे, तीत वैद्य बसतो. त्याच्या घरचं अन्नही निषिद्ध. कारण उघड आहे. रक्त, पू, मढं यांना तो हात लावणार. सुश्रुतसंहितेत प्रेत पाण्यात कुजवून थरथर खरवडून आतलं शरीर पाहायची रीत सांगितली आहे. ती पुढं मोडली. वरच्या जातीचा वैद्य नाडी आणि श्लोक धरून बसला. तुंबडी लावणं, गळू फोडणं न्हाव्याकडं गेलं. नाळ कापणं बऱ्याच गावांत मांगिणीकडं आलं.

या मांगिणीपाशी जरा थांबू. पाटलाच्या वाड्यात सून अडली की हीच सुईण लागायची. एरवी उंबऱ्याला शिवायची नाही ती बाई बाळंतिणीच्या खोलीत शिरायची, अडलेलं पोर ओढायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची. मग खोली सारवून, गोमूत्र शिंपडून पुन्हा शुद्ध. पदरात पसाभर दाणे, कधी चोळीचा खण. वाड्यात जन्मलेल्या पोराला पहिला हात लागला तो मांगिणीचा, आणि पुढं आयुष्यभर तिची सावली चालत नाही.

आणि मांगिणीचं बाळंतपण? ते कसं होत होतं हे एका मांगाच्याच पोरीनं लिहून ठेवलंय. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताचा निबंध छापून आला. आपल्याकडं तो धर्मावरच्या हल्ल्यासाठी वाचला जातो, बरोबरच आहे. पण त्यात ती बाळंतिणीवर येते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात. बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा आणायचा कुठून, फुकट औषध देणारा एक तरी भला वैद्य तुमच्यात होता का, असं ती विचारते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं होतं. १८५१ मध्ये त्याची पहिली तुकडी पास होऊन बाहेर पडली होती, भाऊ दाजी त्यातलेच. म्हणजे मुक्तानं विचारलं तेव्हा इंग्रजी शिकलेले डॉक्टर होते. ते तिच्या वस्तीपर्यंत पोचत नव्हते, आणि तिच्या वस्तीतलं पोर कॉलेजपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेनं महाराच्या पोराला दारातूनच परत लावलं. जिथं साधी शाळा नाही तिथं मेडिकल कॉलेज कुठलं?

१८८५ मध्ये लेडी डफरिनचा फंड निघाला. बायकांसाठी दवाखाने, बायकांना डॉक्टरकी आणि नर्सिंगचं शिक्षण. काम चांगलं होतं. पण त्या काळातल्या गोऱ्या मडमा आणि शिकलेले हिंदू, दोघांच्या लिखाणात एक खलनायिका सारखी येते : घाणेरडी, अडाणी दाई. घाण होती, ते नाकारायचं नाही. कोयत्यानं नाळ कापली, वर राख लावली की धनुर्वातानं पोरं मरत. पण ही घाण कुणी कुणाच्या वाट्याला दिली, हे त्या लिखाणात येत नाही. दाईला शिकवलं ते हात धुण्यापुरतं. नर्स व्हायचं तर आधी लिहिता-वाचता यावं लागे. मांगिणीला कुणी अक्षर दिलं होतं?

आता बाबासाहेबांकडं येऊ. व्हाइसरॉयच्या मंडळात ते १९४२ मध्ये गेले आणि त्याच साली ऑक्टोबरात त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणावरचा मुद्दा आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचं फारसं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरचं शिक्षण हवं, आणि ते इतकं महाग आहे की सरकारी पैशाशिवाय आपलं पोर तिथं पोचणार नाही, असा त्याचा आशय. १९४४ मध्ये मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज कॉलेजच्या खिडकीवर 'भारत सरकार स्कॉलरशिप'चा फॉर्म भरणारा पोरगा त्याच रांगेत उभा असतो. माझं म्हणणं, ही रांग महाडच्या तळ्याइतकीच महत्त्वाची आहे. तिच्यावर गाणी झाली नाहीत इतकंच.

त्याच सुमारास एक शिडी मात्र काढून घेतली गेली. तिकडं आपलं लक्ष कमी जातं. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा सुमारे ४७,५०० डॉक्टर होते, म्हणजे ६,३०० माणसांमागं एक. नर्स ४३,००० माणसांमागं एक. त्या डॉक्टरांपैकी जवळपास ३०,००० पदवीवाले नव्हते, मेडिकल स्कूलमधून कमी खर्चात शिकून आलेले लायसेन्शिएट होते, आपल्याकडं ज्यांना एलएमपी म्हणत. समितीनं ठरवलं की यापुढं देशात एकच डॉक्टर, पदवीवाला. काही सदस्यांनी याला विरोध नोंदवला. हेतू वाईट नव्हता; गरिबाला दुय्यम डॉक्टर का, हा प्रश्न खराच आहे. पण आमचं पहिलं पोर मॅट्रिक होऊन शिडीखाली आलं तेव्हा खालच्या पायऱ्या कापलेल्या होत्या. आता उडीच मारायची.

आणि उडी मारायची जागासुद्धा कोर्टात गेली. मद्रासमध्ये सरकारी हुकूम होता : मेडिकल-इंजिनीअरिंगच्या दर १४ जागांत ६ ब्राह्मणेतर हिंदू, २ मागास हिंदू, २ ब्राह्मण, २ हरिजन, १ मुसलमान, १ अँग्लो-इंडियन व ख्रिश्चन. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी मेडिकलच्या जागेवरून दावा लावला. त्यांनी प्रवेशाचा अर्जसुद्धा केला नव्हता, हे निकालपत्रातच नोंदलेलं आहे. एप्रिल १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं हुकूम रद्द केला. लगेच जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५(४) आलं. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. शिक्षणातल्या राखीव जागा ज्या कलमावर उभ्या आहेत, ते कलम एका मेडिकलच्या जागेवरून जन्माला आलं आहे, हे विसरू नका.

तीस वर्षांनी, जानेवारी १९८१ मध्ये, अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात आग लागली. निमित्त काय? पदव्युत्तर शाखांतल्या राखीव जागा, आणि न भरलेली जागा पुढच्या वर्षी ओढायची पद्धत. एमबीबीएसपर्यंत सोसलं, पण आपल्यातला कुणी तज्ज्ञ होणार, उद्या विभागप्रमुख होणार, सही करणार, हे सोसवलं नाही. डॉक्टर होऊ घातलेल्यांनी संप केला, मागणी वाढत वाढत सगळ्याच राखीव जागांवर आली, आणि गुजरातभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. मार खाल्ला तो गिरणीत राबणाऱ्यानं आणि गावातल्या शेतमजुरानं. पॅथॉलॉजी हा शब्द त्यानं बापजन्मात ऐकला नसेल. मराठवाड्यानं १९७८ मध्ये नामांतरावरून हेच पाहिलं होतं. विद्यापीठाच्या पायरीवरचं भांडण, आणि घर जळतं ते खेड्यातलं.

पुढं राग खासगी कॉलेजांच्या फीमध्ये गेला. रस्त्यावर उतरायची गरज राहिली नाही. २००५ मध्ये इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विनाअनुदान खासगी कॉलेजांवर सरकारला राखीव जागा लादता येणार नाहीत. पुन्हा घटनादुरुस्ती, कलम १५(५). आत शिरल्यावर काय होतं, ते २००७ मध्ये प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या समितीनं दिल्लीच्या एम्सबद्दल लिहून ठेवलंय : होस्टेलात वेगळे मजले, मेसमध्ये वेगळी टेबलं, तोंडी परीक्षेत वेगळी वागणूक. थोरात आपल्या मिलिंद कॉलेजचे विद्यार्थी. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी घरातली, पदव्युत्तर शिकणारी पोरगी. जातीवरून छळ झाल्याचा घरच्यांचा आरोप आहे, खटला कोर्टात गेला.

तरी मेडिकल म्हणजे फक्त एमबीबीएस, हे आपल्या वस्तीतलं वेड मला पटत नाही. नीटला दोनदा-तीनदा बसून पोरगं थकतं, बाप कर्ज काढतो, आणि मग सगळंच सोडून देतात. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं. त्याच्याखाली नर्सिंग आहे, फिजिओथेरपी आहे. त्याखेरीज लॅबचे कोर्स आहेत, फार्मसी आहे, साथरोग मोजायला शिकवणारं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण आहे. पण इथंही डोळे उघडे ठेवा. सरकारी शवागारात आजही बऱ्याच ठिकाणी प्रेतावर सुरी चालवतो तो सफाई कामगार. डॉक्टर बाजूला उभा राहून सांगतो, आणि रिपोर्टवर सही डॉक्टरची. २००५ नंतर आशाताई आल्या. गावातल्या बाळंतिणीला घेऊन रात्री-बेरात्री दवाखान्यात तीच जाते, आणि तिला पगार नाही, मानधन. मांगिणीचा पसा आता बँकेत जमा होतो, एवढाच फरक. म्हणून कोर्स निवडताना एवढंच विचारा की या कामात सही कोण करतं, आणि तिथवर जायची वाट आहे का. बी.एस्सी. नर्सिंगनंतर एम.एस्सी. आहे, शिकवायची नोकरी आहे. चार-सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटच्या दुकानानंतर बहुधा काही नाही.

शेवटी एक काम सांगतो, पडून आहे म्हणून. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी १९७१ मध्ये काळ्या वस्त्यांत सिकलसेलची तपासणी सुरू केली. सरकार बघत नव्हतं, म्हणून फुकट दवाखाने काढून स्वतः रक्त तपासलं. १९७२ मध्ये त्यांचं नाव आपण मुंबईत उचललं; त्यांच्या दवाखान्यांची गोष्ट मात्र आपल्याकडं फारशी कुणी सांगितली नाही. हाच सिकलसेल नागपूर-विदर्भात आपल्या बौद्ध वस्त्यांत आहे, आदिवासी पाड्यांत आहे. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, द्रावणात टाकायचं, गढूळ झालं की पुढची तपासणी, म्हणजे तो नुसता वाहक आहे की रुग्ण ते कळतं. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर दर खेपेला पोराला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे लग्नाआधी, नीट बसवून, पोरीला कमी न लेखता समजावणारं माणूस वस्तीतलंच लागतं. लॅबचा डिप्लोमा केलेला एक पोरगा, एक नर्स आणि समाजमंदिरातली एक खोली. रविवारी खोली मोकळीच असते.