फर्माची सहावी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या गणितात शिरली तीच मुळी मूळ संख्या म्हणून. पिएर द फर्मा हा तुलूझचा न्यायाधिकारी. गणित त्याच्या फावल्या वेळचं. १६४० साली त्याने पत्रांतून एक माळ कळवली. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्या आणि त्यात १ मिळवा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या. बत्तिसाव्या घातापाशी आपली ही संख्या येते. तीही मूळ आणि पुढच्या साऱ्याच मूळ, असं फर्माचं मत होतं. सिद्धता सापडलेली नाही, हे त्याने मान्य केलं होतं.

डिसेंबर १७२९ मध्ये गोल्डबाखने सेंट पीटर्सबर्गमधल्या तरुण ऑयलरला पत्रातून या विधानाबद्दल विचारलं. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिलं : या संख्येला ६४१ ने भाग जातो, भागाकार ६७,००,४१७.

एकेक मूळ संख्या लावून पाहायची तर वर्गमुळापर्यंत साडेसहा हजारांवर भागाकार करावे लागतील. पण ऑयलरने पुढे सिद्ध केलं, की हिचा मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच बनलेला असणार. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते! आणि पडताळा तर कागदाच्या कपट्यावर होतो. २ चा सोळावा घात ६५,५३६. त्याला ६४१ ने भागल्यावर बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६. ६४१ गुणिले ३७ म्हणजे २३,७१७. एकच कमी पडतो, आणि तो एक फर्माने आधीच मिळवून ठेवलेला आहे.

मला सगळ्यात चटका लागतो तो याचा, की ६४ चा हा नियम ज्या प्रमेयातून निघतो ते फर्माचंच आहे. त्याच १६४० च्या ऑक्टोबरात त्याने ते फ्रेनिकल या गणितज्ञाला लिहून कळवलं होतं. पाच भागाकारांचं अंतर उरलं होतं.

माळ मात्र वाया गेली नाही. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाऊसने दाखवलं, की सतरा भुजांची सुसम आकृती केवळ पट्टी-कंपासने काढता येते, आणि त्यामागे फर्माचीच १७ होती. पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम भुजांच्या सुसम आकृत्यांपैकी आज माहीत असलेल्या सर्वांत मोठीला ४,२९,४९,६७,२९५ भुजा आहेत : फर्माच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार, आपल्या संख्येहून नेमका दोनने कमी. हा योगायोग नव्हे. या माळेत कोणत्याही संख्येआधीच्या सगळ्यांचा गुणाकार तिच्याहून दोनने कमीच भरतो.

सहाव्या मूळ संख्येचा शोध अजून चालू आहे. २ च्या घातांकात २ चा बत्तिसावा घात येईपर्यंतच्या पुढच्या सर्व संख्या विभाज्य ठरल्या आहेत. त्यानंतरची २५८ कोटींहून अधिक अंकी आहे. ती मूळ की विभाज्य, हे अजून कोणालाही सांगता आलेलं नाही.