पोलादी गोळी आणि चष्म्याचे भिंग

नंबरचा चष्मा वापरणाऱ्या कामगारांची एक समजूत पक्की असते: डोळ्यांपुढे काच आहेच, मग ग्राइंडरवर आणखी संरक्षण कशाला? शाळा-आयटीआयच्या कार्यशाळांतही ती आढळते. ती किती फसवी आहे हे समजण्यासाठी एका पोलादी गोळीचा इतिहास पाहिला पाहिजे.

कामगारांचे डोके व डोळे यांच्या संरक्षणासाठी अमेरिकेत पहिली राष्ट्रीय संहिता १९२२ साली तयार झाली. त्याच परंपरेतले 'झेड ८७.१' हे मानक १९६८ साली आले. त्यातील कसोटी अगदी साधी होती. १ इंच व्यासाची पोलादी गोळी ५० इंचांवरून (१२७ सेंमी) भिंगावर सोडायची. भिंग फुटले की नापास.

१९७२ पासून अमेरिकेत सर्वच चष्म्यांना आघाताची कसोटी सक्तीची झाली. उंची तीच, पण गोळी पाच-अष्टमांश इंचाची. फरक किरकोळ वाटतो, परंतु वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. मोठी गोळी सुमारे ६७ ग्रॅमची, तर धाकटी १६ ग्रॅमची. ऊर्जा अनुक्रमे ०.८३ आणि ०.२ ज्यूल. म्हणजे कायद्याने 'आघातरोधी' ठरलेला रोजचा चष्मा कारखान्यातल्या चष्म्याच्या जेमतेम पाव कसोटीला उतरलेला असतो. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

पण दोन्ही गोळ्या भिंगावर पोहोचतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला केवळ ५ मीटर असतो. हातातून निसटलेल्या हत्याराला हे लागू पडेल. ग्राइंडरचे काय? २० सेंमी व्यासाचे चाक मिनिटाला २८५० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३० मीटर होतो, आणि कण साधारण त्याच वेगाने सुटतो. म्हणून १९८९ च्या आवृत्तीत वेगवान गोळी आली: पाव इंचाची, जेमतेम १ ग्रॅमची, पण सेकंदाला ४५.७ मीटर वेगाची. तिची ऊर्जा १.१ ज्यूल, म्हणजे मोठ्या गोळीपेक्षा फार जास्त नाही. मात्र ती लहानशा जागेवर, क्षणार्धात आदळते. खिळा टोकाकडूनच का घुसतो, हे ज्याला कळले त्याला हेही कळेल.

गंमत अशी, की नंबरच्या भिंगांना ही नवी कसोटी लागू नव्हती. त्यांच्यासाठी जुनीच गोळी आणि किमान ३ मिमी जाडी एवढेच राहिले. वजा नंबरचे भिंग तर नेमके मध्यभागी, बाहुलीसमोरच, सर्वांत पातळ असते! २००३ च्या आवृत्तीत 'मूलभूत' व 'उच्च आघात' असे दोन स्तर झाले आणि नंबरच्या भिंगांनाही वरचा स्तर खुला झाला. भिंगावर 'झेड ८७+' अशी खूण असते. त्यातले अधिक चिन्ह महत्त्वाचे. हा स्तर गाठणाऱ्या भिंगाला २ मिमी जाडीही पुरते. त्यामागे पॉलिकार्बोनेट आहे. १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनिएल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे बनवले. काच तडकते, तर हे प्लास्टिक वाकून ऊर्जा शोषते. मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात, आणि अ‍ॅसिटोनने पुसले तर ते खराब होते. रसायनशाळेत हे विसरू नये.

युरोपच्या २००१ च्या मानकात अक्षरे होती: 'एफ' म्हणजे ४५, 'बी' म्हणजे १२० आणि 'ए' म्हणजे १९० मीटर प्रतिसेकंद. चष्म्याला 'एफ'च्या पुढे जाता येत नसे; 'बी' बंद गॉगलसाठी, 'ए' चेहराभर ढालीसाठी. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५व्या कलमात 'योग्य' गॉगल द्यावेत असे म्हटले होते. योग्य म्हणजे कोणत्या वेगाला, हे त्या कलमात नव्हते.

फ्रेमची खूण वेगळी असते, कारण धक्क्याने अखंड भिंगच मागे निसटून डोळ्यावर येऊ शकते. नंबर बदलल्यावर जुन्याच फ्रेममध्ये साधे भिंग बसवून घेतले, तर फ्रेमवरची खूण तशीच राहते, पण भिंगावर आता कोणतीच खूण नसते.