टेरोडॅक्टिलच्या तावडीत चार मिनिटं

मोबाइल घरीच ठेवा. जिथे निघालाय तिथे त्याला रेंज मिळणार नाही आणि चुकून कुणी पाहिलाच, तर उत्तरं देता देता नाकीनऊ येतील. खिशात पौंडाची नाणी मात्र भरपूर असू द्या. ती लागतील.

साल 1992. ऑक्टोबरची संध्याकाळ. लंडनच्या पिकॅडिली सर्कस स्टेशनचा जिना चढून तुम्ही वर येता. झिमझिम पाऊस आहे. समोरच्या इमारतीवर कोका-कोला, सान्यो आणि टीडीकेच्या रंगीत दिव्यांच्या पाट्या लखलखतायत. कोव्हेंट्री स्ट्रीटच्या बाजूला वळलात की लगेच ट्रोकाडेरोची इमारत. 1896 साली इथे मोठं रेस्टॉरंट सुरू झालं होतं. 1984 पासून याच वास्तूत दुकानं आणि करमणुकीची केंद्रं आहेत. आत शिरताच कान बधिर होतात. एकीकडे ‘स्ट्रीट फायटर टू’च्या मशीनभोवती पोरांचा गराडा, दुसरीकडे मोटारींच्या शर्यती, कुठे तरी नाणी खळखळतायत. तिथे रेंगाळू नका. गर्दी ज्या कोपऱ्याकडे माना उंचावून बघतेय, तिकडे चला.

त्या कोपऱ्यात गोल चौथरे आहेत. प्रत्येक चौथऱ्याभोवती कमरेएवढ्या उंचीचं कडं. एका कड्यात विशीतला एक मुलगा उभा आहे. डोक्यावर भलंमोठं हेल्मेट, हातात एक मूठ. तो गर्रकन मागे वळतो, खाली वाकतो, हवेतच कुणावर तरी नेम धरतो आणि मग विनाकारण किंचाळतो. बघे खो खो हसतात. शेजारच्या पडद्यावर त्याला काय दिसतंय ते सगळ्यांना दिसतं: ढोबळ रंगीत आकार, चौकटी-चौकटींची फरशी आणि वरून झेपावणारं एक हिरवं पाखरू. एवढ्याला हा इतका का घाबरला, असं तुमच्याही मनात येतं. येऊ द्या. पाच मिनिटांनी विचारतो.

खेळाचं नाव ‘डॅक्टिल नाइटमेअर’. मशीनचं नाव ‘व्हर्च्युअ‍ॅलिटी 1000 सीएस’. दर ऐकून भुवया उंचावतात. शेजारच्या मशीनवर जेवढ्यात अख्खी संध्याकाळ निघेल, तेवढे पैसे इथे चार मिनिटांना पडतात. तरी रांग हलत नाही, कारण इथे नाणं टाकलं आणि खेळ सुरू झाला असं होत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला आत घ्यायचं, हेल्मेट चढवायचं, पट्टे आवळायचे, बटणं समजवायची, खेळ संपला की सगळं उतरवून पुसून पुढच्याला द्यायचं, यासाठी एक माणूस कायम राबतोय. त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा नीट बघून ठेवा. या धंद्याचं पुढे काय होणार, याची निम्मी गोष्ट तिथेच लिहिलेली आहे.

तुमची पाळी. कडं उघडतं, तुम्ही चौथऱ्यावर चढता, कडं बंद होतं.

“चष्मा असला तर काढा. हेल्मेट जड आहे, मान एकदम झटकू नका. पुढच्या बोटाखाली गोळी, अंगठ्याखाली चालणं. बस.”

हेल्मेट डोक्यावर येतं आणि मानेला पहिल्या क्षणी ओझं जाणवतं. आतला फोम मघाच्या मुलाच्या घामाने अजून ओलसर आहे. बाहेरचा गोंगाट दबतो, अंधार होतो. मग डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे उजळतात. दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात आणि समोर खोली तयार होते.

पहिली प्रतिक्रिया निराशेची. सगळं दाणेदार दिसतंय, ठिपका न् ठिपका मोजता येईल इतकं. कमानी आणि खांब रंगवलेल्या पुठ्ठ्याचे वाटतात. कशालाही पोत नाही. पैसे पाण्यात गेले म्हणत तुम्ही सहज मान डावीकडे वळवता.

आणि ती जागाही वळते. किंचित उशिराने, पण वळते. मान वर करा, वर पोकळी आहे. खाली बघा, फरशी आहे. मागे वळा, मागेही जग आहे. आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक पडद्याला चार कडा होत्या. टीव्हीला, सिनेमाला, मघाच्या ‘स्ट्रीट फायटर’ला. इथे कड शोधून सापडत नाही. हात वर केलात की समोर बंदूक वर येते. खऱ्या हातात नुसती प्लास्टिकची मूठ आहे हे पक्कं माहीत असूनही बोटं तिच्याभोवती आवळली जातात.

अंगठा दाबा. तुम्ही पुढे सरकायला लागता. हवेत तरंगणारे असे पाच चौथरे आहेत, जिन्यांनी जोडलेले. जिना आला की पाय आपोआप उचलला जातो. उचलायची काहीच गरज नसते, बटण दाबलं तरी वर पोचता. पण पाय ऐकत नाही. चौथऱ्याच्या काठाशी जाऊन खाली डोकावलात तर बुटातली बोटं आखडतात आणि मोकळा हात कड्याकडे जातो. चित्र पुठ्ठ्याचं आहे हे डोळ्यांनी केव्हाच ओळखलंय. शरीराला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या खांबाआडून एक आकृती बाहेर येते. चौकोनी धड, चौकोनी हात. हा तुमच्या शेजारच्या कड्यातला माणूस. रांगेत तुमच्या पुढे होता, ऑफिसातून थेट आलेला, टाय सैल केलेला. आता तो ढोबळ आकारांचा पुतळा आहे, तरी तो माणूसच आहे हे लगेच कळतं. मशीनच्या सोंगट्या ठरल्या वाटेने फिरतात. हा बिचकतो, थांबतो, भलतीकडेच बघतो, मग दचकून तुमच्याकडे वळतो. तुम्ही चाप ओढता. बंदुकीतून निघालेला गोळा चांगलाच आरामात, कमान घेत जातो आणि त्याच्या बाजूने निघून जातो. त्याचा नेम मात्र लागतो. तुमच्या चिंध्या होतात आणि पुढच्या क्षणी तुम्ही दुसऱ्याच जागी धडधाकट उभे असता. शेजारच्या कड्यातून हसणं ऐकू येतं. खरं, हेल्मेटबाहेरचं.

आता ईर्षा चढते. तुम्ही खांबाचा आडोसा घेऊन त्याची वाट बघता. जिन्यावरून त्याचं डोकं वर येताना दिसतं. नेम धरता, श्वास रोखता, आणि नेमका तेव्हाच डोक्यावर कर्कश चीत्कार होतो.

टेरोडॅक्टिल, मघाचं ते हिरवं पाखरू. दोन खेळाडू एकमेकांत गुंतले की ज्याचा विसर पडतो, तो तिसरा. वेळीच वर बघून त्याला उडवलंत तर वाचता. तुम्ही उशीर केलात. घारीने कोंबडीचं पिल्लू उचलावं तसं ते तुम्हाला उचलतं. फरशी खाली जाते, चौथरे लहान होतात, पोटात खड्डा पडतो. मग ते तुम्हाला सोडून देतं. तुम्ही किंचाळता. मघाच्या मुलासारखेच, आणि बाहेर बघे तस्सेच हसतात.

उलटा डाव साधायला फार वेळ उरत नाही. चित्र विझतं, हेल्मेट निघतं, उजेड डोळ्यांवर येतो. कपाळावर फोमचा वळ, गुडघे थोडे लटपट, पोटात हलकीशी मळमळ. शेजारच्या कड्यातला टायवाला तुमच्याकडे बघून हसतो. तुम्ही एकमेकांचं नाव विचारलेलं नाही, पण आत्ता आत्ता एकाच ठिकाणी जाऊन आलेल्या माणसांची ओळख दोघांच्याही चेहऱ्यावर आहे.

रांगेतून बाहेर या आणि आता शांतपणे त्या मशीनकडे बघा. आत कमोडोर कंपनीचा अमिगा 3000 संगणक आहे, आणि चित्रं भराभर रेखाटायला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिप बसवलेली खास कार्डं. प्रत्येक डोळ्यासमोरच्या पडद्यावर 276 गुणिले 372, म्हणजे जेमतेम लाखभर ठिपके. चित्र सेकंदाला वीसेकदा बदलतं आणि दर वेळी दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं काढावी लागतात. पोत, सावल्या, बारकावे यांना जागाच नाही. ती कंगाल फरशी आळसातून आलेली नाही, हिशेबातून आलेली आहे.

तुमची मान कुठे वळली हे मशीनला कळतं चुंबकीय क्षेत्रामुळे. एक उपकरण तीन दिशांना चुंबकीय क्षेत्र सोडतं, हेल्मेटमधली वेटोळी त्याचं बळ मोजतात आणि त्यावरून डोक्याची जागा आणि रोख ठरतो. मग संगणक चित्र काढतो. या सगळ्यात सेकंदाचा बारीकसा तुकडा निघून जातो. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं, ‘मान वळली’. डोळे म्हणतात, ‘अजून नाही’. मळमळ होते ती या भांडणातून. चार मिनिटांत ती सुरू होते न होते तोच खेळ संपतो. खेळ इतका छोटा ठेवण्यात रांगेची सोय होती आणि पोटाचीही.

हे सगळं उभं राहिलं लेस्टरमध्ये. युगांडातून हाकलले गेलेले हजारो गुजराती 1972 नंतर ज्या गावात स्थिरावले आणि बेलग्रेव्ह रोडच्या दिवाळीमुळे जे आपल्याकडे ठाऊक आहे, तेच लेस्टर. तिथे डॉ. जोनाथन वाल्डर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डब्ल्यू इंडस्ट्रीज’ काढली. डब्ल्यू म्हणजे वाल्डर्न. नोव्हेंबर 1990 मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या संगणक-प्रदर्शनात त्यांनी आपलं यंत्र लोकांपुढे मांडलं. एकमेकांना जोडलेल्या पहिल्या दोन यंत्रांचं गिऱ्हाईक कुठलं गेम पार्लर नव्हतं. ब्रिटिश टेलिकॉमच्या संशोधन विभागाने ती घेतली होती, कारण लांबच्या दोन माणसांना एकाच जागी भेटवण्याचं स्वप्न टेलिफोनवाल्यांनाही पडत होतं. ‘डॅक्टिल नाइटमेअर’ आला 1991 साली. एकेका यंत्राची किंमत 65 हजार डॉलरपर्यंत जाई. आपल्याकडे त्याच वर्षी रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. त्या दराने हे सोळा-सतरा लाख रुपये होतात. एवढं भांडवल घालून तासाला पंधरासुद्धा माणसं न खेळवणारं यंत्र कुठला पार्लरवाला किती दिवस सांभाळेल?

परतीच्या वाटेवर थोडं थांबत थांबत या. 1993 मध्ये उतरा. कंपनी आता ‘व्हर्च्युअ‍ॅलिटी’ या नावाने लंडनच्या शेअर बाजारात आलीय आणि वर्तमानपत्रं भविष्य याच हेल्मेटमध्ये असल्याचं सांगतायत. त्याच डिसेंबरात ‘डूम’ हा खेळ येतो. साध्या पीसीवर चालणारा, जास्त वेगवान, जास्त देखणा, शिवाय वायरने जोडलेल्या मित्रांवर गोळ्या झाडायची सोय असलेला. मान वळवायची जादू त्यात नाही, पण तो घरी रात्रभर खेळता येतो. 1995 मध्ये उतरा. निन्टेन्डोचा ‘व्हर्च्युअल बॉय’ हा गेम-संच लाल रंगातली चित्रं घेऊन येतो आणि वर्षभरात गाशा गुंडाळतो. प्लेस्टेशन मात्र घराघरांत शिरतो. 1997 मध्ये व्हर्च्युअ‍ॅलिटी दिवाळखोरीत निघते. चार मिनिटं तग धरेल एवढंच तंत्र हाताशी होतं आणि जाहिरातीत त्यावर अख्खं युग विकलं गेलं होतं. गिऱ्हाईक एकदा भारावून गेलं, दुसऱ्यांदा फिरकलं नाही.

पुढे पंधरा वर्षं या रस्त्यावर फारशी वर्दळ नाही. 2012 मध्ये पामर लकी नावाचा तरुण किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ‘ओक्युलस रिफ्ट’ या नव्या हेल्मेटसाठी पैसे गोळा करतो. 2014 मध्ये फेसबुक त्याची कंपनी दोन अब्ज डॉलरला विकत घेते. 2020 मध्ये त्याच कंपनीचा ‘क्वेस्ट टू’ 299 डॉलरला मिळू लागतो आणि त्यात एकेका डोळ्यासमोर 35 लाख ठिपके असतात. मोबाइलच्या स्वस्त पडद्यांनी आणि सेन्सरनी ते साधलं. तुम्ही घरी ठेवून आलेल्या त्या मोबाइलच्या.

तर मघाचा प्रश्न. तो मुलगा का किंचाळला? चित्र खरं वाटलं म्हणून नक्कीच नाही, ते तर त्याला तुमच्याइतकंच ढोबळ दिसत होतं. मान वळवली की जग वळतं, हात उचलला की हात दिसतो आणि समोर आहे तो जिवंत माणूस आहे, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की शरीर बाकीचं सगळं पदरचं भरून घेतं. आजच्या ठिपक्यांच्या शर्यतीत हे हमखास विसरलं जातं. देखणी, निर्मनुष्य आभासी दालनं लोक एकदा पाहून सोडून देतात. मित्रांना भेटता येतं, चिडवता येतं, हरवता येतं, अशा खेळांकडे परत परत येतात. ‘डॅक्टिल नाइटमेअर’ची चित्रं आज हास्यास्पद आहेत, त्यामागचा विचार अजिबात नाही. यापुढे कुणी आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा इतिहास ओक्युलसपासून सांगू लागलं, तर त्याला थांबवा आणि आधी लेस्टरपासून सुरुवात करायला सांगा.