घामाची वर्गणी

योगाभ्यासी मनुष्याने द्रव्याशी कोणता संबंध ठेवावा, हा प्रश्न आपल्याकडे पुरातन आहे, आणि परंपरेने त्याचे दिलेले उत्तरही संदिग्ध नाही : त्याने संग्रह करू नये, चार घरची भिक्षा मागून देहयात्रा चालवावी, आणि आपल्या विद्येचा बोभाटा होऊ देऊ नये. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत तर ही विद्या गुप्त राखावी, प्रकट केल्यास ती निर्वीर्य होते, असा स्पष्ट दंडकच घातला आहे. तेव्हा शेकडो स्त्रीपुरुषांनी मोकळ्या मैदानात एकत्र जमून आसने करावीत, किंवा एखाद्या साधकाने भरल्या सभागृहात व्यासपीठावर उभे राहून ती करून दाखवावीत, आणि त्यातून उभा राहिलेला पैसा साधकाच्या नव्हे, त्याच्या गुरूच्याही नव्हे, तर कोठल्या तरी शाळेच्या किंवा दवाखान्याच्या कामी लागावा, ही कल्पना दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या नाथपंथी जोग्याच्या कानी घातली असती, तर त्याने ती धर्मबाह्य म्हणूनच झिडकारली असती. आज हाच प्रघात देशोदेशी इतका रूढ झाला आहे की, तो कोठून आला याची चौकशी करण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. ती चौकशी केली असता असे दिसून येते की, या प्रघाताला पुरते शतकही झालेले नाही, आणि ज्यांच्या हातून त्याची घडण झाली त्यांपैकी कित्येकांचे आयुष्य महाराष्ट्राच्या भूमीवर गेले.

यातली निम्मी सामग्री योगाच्या परंपरेतली नव्हेच; ती आपल्या वर्गणीच्या वहीतली आहे. राजेरजवाड्यांचे दान आणि लोकांची वर्गणी या दोन निराळ्या प्रकृतीच्या वस्तू आहेत. दान देणाऱ्यास पुण्य मिळते, त्याचे नाव शिलालेखावर किंवा सनदेत राहते, आणि घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे एवढीच अपेक्षा असते. वर्गणी देणाऱ्यास मात्र एक अधिकार प्राप्त होतो, आणि तो म्हणजे जमाखर्च विचारण्याचा. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने गल्लोगल्ली पावतीपुस्तके फिरवली. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, आणि त्या पैशांच्या राशीतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ज्या समाजाने एका पैशातून कारखाना निघताना पाहिला होता, त्याला सार्वजनिक कार्याकरिता अल्पस्वल्प द्रव्य एकत्र करण्याची रीत नव्याने शिकवावी लागली नाही. शिकायचे होते ते एवढेच की, द्रव्याऐवजी किंवा द्रव्यासोबत मनुष्य आपल्या शरीराचे श्रमही त्या वहीत जमा करू शकतो.

हा दुसरा धडा तालमींनी दिला. बडोद्यास राजरत्न प्राध्यापक माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात एकेकट्या पहिलवानाच्या कसरतीला संघाच्या शिस्तीचे रूप आले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले, आणि त्याच मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी खेळ जगापुढे मांडले. माणिकरावांच्याच हाताखाली जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण तयार झाला. पुढे नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून त्याने योगाची दीक्षा घेतली, आणि स्वामी कुवलयानंद या नावाने १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजून पाहणारे आणि तो 'योगमीमांसा' या नियतकालिकातून विद्वानांपुढे ठेवणारे संशोधक म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांचे दुसरे एक कार्य अधिक महत्त्वाचे वाटते. आसने ही एकांतात, आपापल्या श्वासाच्या गतीने करावयाची. ती शे-दोनशे विद्यार्थ्यांना एकाच वेळी, आज्ञेबरहुकूम आणि तरीही अपाय न होता कशी करवून घ्यावीत, याची पद्धती त्यांनी बसवली. मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवर त्यांनी काम केले, आणि त्यांच्या 'यौगिक संघ व्यायामा'ने शाळेच्या पटांगणात योगाला जागा मिळवून दिली. मैदानात रांगेने अंथरलेल्या सतरंज्यांवर एका आवाजासरशी वर जाणारे हात आज आपण सर्वत्र पाहतो. ती रचना सिद्ध करण्यासाठी कोणाला तरी अनेक वर्षे डोके घालावे लागले होते, याचे स्मरण ठेवणे उचित होय.

कैवल्यधामाचा चरितार्थ मात्र वर्गणीवर नव्हे, तर मुख्यतः धनिकांच्या देणगीवर चालला. मुंबईस चौपाटीवरचे ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाचे योगिक आरोग्यकेंद्र १९३६ साली उघडले गेले. पुढे लोणावळ्याच्या महाविद्यालयाला गोरधनदास सेकसरिया यांचे नाव लागले. व्यापाऱ्यांच्या द्रव्याने योगाला छप्पर दिले, यात कमीपणा काही नाही. परंतु प्रवाहाची दिशा अद्याप जुनीच होती. पैसा योगाकडे येत होता, योगाकडून तो अन्यत्र जात नव्हता.

औंधास याहून निराळा प्रकार पाहावयास मिळतो. साताऱ्याच्या परिसरातील त्या चिमुकल्या संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि विद्येचे मोठे आश्रयदाते. महाभारताची संशोधित आवृत्ती सिद्ध व्हावी म्हणून भांडारकर संस्थेस त्यांनी दिलेले साहाय्य विद्वानांच्या स्मरणात आहे. या राजाने सूर्यनमस्कार हे आपल्या प्रजेचे नित्यकर्म करून टाकले. शाळांतून ते सक्तीचे झाले; राजा स्वतः रोज घालीत असे, राजकुटुंबातील स्त्रियांनाही त्यांतून सवलत नव्हती; आणि त्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाची ख्याती इतकी पसरली की, १९३८ साली त्याचा इंग्रजी अवतार लंडनमधून प्रसिद्ध झाला. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळही त्या काळी औंधातच होते, आणि आसनांवरची त्यांची सुबोध पुस्तके तेथूनच घरोघर गेली. राजाच्या या उपक्रमात द्रव्यसंचयाचा हेतू लवमात्र नव्हता. तथापि नमस्कार मोजून घालावयाचे असतात, बारा, चोवीस, एकशे आठ. आणि जे मोजता येते त्याच्यावर संकल्प सोडता येतो. एकशे आठ नमस्कारांचा संकल्प करून त्यानिमित्त धर्मादाय निधी गोळा करण्याची जी पद्धती अलीकडे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अन्यत्र प्रचलित झाली आहे, तिच्यातील एकेका आवर्तनाला द्रव्याचे मोल लावण्याची युक्ती पाश्चात्त्यांची खरी, पण ज्यावर ती बसवली आहे तो मोजदादीचा व्यायाम सर्वांच्या अंगवळणी पाडण्यात औंधकरांचा वाटा फार मोठा आहे.

आता कथेचा ओघ म्हैसूरकडे वळतो. महाराज कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णमाचार्य यांनी १९३३ साली जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालू केली. दरबारची नेमणूक होती. तिच्या बदल्यात आचार्यांनी आपल्या शिष्यांना घेऊन ठिकठिकाणी आसनांचे प्रयोग करून दाखवावेत आणि लोकांत या विद्येची अभिरुची उत्पन्न करावी, ही महाराजांची इच्छा होती. योगाला व्यासपीठ मिळाले ते असे, राजाज्ञेने. या शिष्यांमध्ये आचार्यांचा मेहुणा, कोलार जिल्ह्यातील बेल्लूर गावचा एक कृश मुलगा होता. १४ डिसेंबर १९१८ रोजी, इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत, तेरा भावंडांतला अकरावा म्हणून तो जन्मला. बाप शाळामास्तर, तोही मुलाच्या नवव्या वर्षी निवर्तला. हिवताप, विषमज्वर, क्षय अशी एकामागून एक दुखणी त्याने काढली. आचार्यांच्या कडक शिस्तीत अल्पावधीत त्याला कठीण आसने साधली. कर्नाटकातील एका दौऱ्यात हे प्रयोग सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी पाहिले, आणि निवृत्तीनंतर पुण्यास आल्यावर त्यांनी डेक्कन जिमखान्याकडून या तरुणाला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतले. १९३७ साली बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार पुण्यात उतरले, तेव्हा त्यांना मराठी येत नव्हते, गाठीला पैसा नव्हता आणि वय पुरते एकोणीसही नव्हते.

सहा महिन्यांची मुदत वाढत वाढत काही वर्षांची झाली, पुढे तीही संपली, आणि अय्यंगार पुण्यातच राहिले. या काळातील त्यांच्या दारिद्र्याचे वर्णन त्यांनी स्वतः अनेकदा केले आहे. अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास सोडला नाही. व्याख्याने आणि प्रयोग हाच त्या दिवसांत विद्येच्या प्रसाराचा मार्ग होता : डॉक्टर गोखल्यांनी शरीरशास्त्राच्या भाषेत विवरण करावे आणि अय्यंगारांनी शेजारी ते प्रत्यक्ष करून दाखवावे. १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची त्यांच्याशी गाठ पडली. १९५४ साली मेन्युहिन त्यांना युरोपात घेऊन गेले. आणि साठीच्या दशकात लंडनला त्यांच्या फेऱ्या होऊ लागल्या. तेथील सभागृहांत अय्यंगार व्याख्यान देत, आसने करून दाखवीत, आणि प्रेक्षक स्तब्ध होऊन पाहत.

या लंडनच्या प्रयोगांतून मिळालेले द्रव्य त्यांनी आपल्या जन्मगावी पाठवले, आणि त्यातून १९६७च्या सुमारास बेल्लूरला प्राथमिक शाळा उभी राहिली. या एका घटनेत मला सर्व इतिहासाचा मोहरा फिरलेला दिसतो. ज्या मनुष्याचे बालपण औषधावाचून आणि अन्नावाचून गेले, ज्याचे शालेय शिक्षण धड पुरे झाले नाही, ज्याला पुण्यात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत पडली होती, त्याच्या हाती परदेशी पैसा प्रथमच बऱ्यापैकी येऊ लागला असता त्याने आपल्या गावच्या मुलांच्या डोक्यावर छप्पर घालावे, आणि शाळामास्तरच्या पोराने शाळाच बांधावी, हे ऋण फेडण्याचे किती सरळ, किती निःशब्द कृत्य आहे! राजाने योग्यास पोसावे, सावकाराने आश्रमास इमारत द्यावी, इथवर आपण येऊन पोहोचलो होतो. येथे योग्यानेच गावाला दिले, आणि तेही भिक्षा मागून नव्हे. आपल्या स्नायूंच्या आणि श्वासाच्या कष्टाचे मोल करून दिले.

सहा वर्षांनी पुण्यात याचा दुसरा अंक सुरू झाला. १९७३च्या जानेवारीत मॉडेल कॉलनीतील नियोजित योगसंस्थेचे भूमिपूजन अय्यंगारांच्या पत्नी रमामणी यांच्या हस्ते झाले, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्या वारल्या. देशोदेशीच्या शिष्यांनी त्या वास्तूला हातभार लावला. १९ जानेवारी १९७५ रोजी ती उघडली, आणि तिला रमामणींचे नाव देण्यात आले. २००३ साली आईवडिलांच्या नावाने स्मारकनिधी स्थापन करून अय्यंगारांनी बेल्लूरच्या कार्याला कायमचे विश्वस्तमंडळ दिले. तेव्हापासून हायस्कूल, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची सोय अशी एकेक गोष्ट त्या खेड्यात होत गेली, आणि जगभरच्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्ग भरवून, सामुदायिक अभ्यासाचे दिवस ठरवून तिकडे निधी पाठवला. २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यात अय्यंगारांचे देहावसान झाले, तोवर बेल्लूरकडे त्यांचे लक्ष होते.

योग रंगमंचावर आणल्याने त्याचे पावित्र्य भंगते, असा आक्षेप शास्त्रीमंडळींनी घेतला, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी शरीर वाकवणारा मनुष्य अभ्यासी राहत नाही, खेळ्या होतो, हे धोक्याचे स्थान अय्यंगारांच्या वाट्यालाही आले होते आणि त्यांची टीकाकारांनी गय केली नव्हती. परंतु माझ्या मते गुप्ततेच्या दंडकामागचा हेतू विद्येचा विक्रय होऊ नये हा होता. आणि ज्या ठिकाणी करणाऱ्याचा त्यातून एक छदामही लाभ होत नाही, तेथे विक्रयाचा दोष लागत नाही. दोष लागतो तो पैसा कोठे गेला हे सांगता येत नाही तेव्हा.

२१ जून २०१५ रोजी पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसांनी एकत्र आसने केली. तो सोहळा सरकारी खजिन्याच्या बळावर झाला, तेथे वर्गणीचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणून त्याचे वैभव मोठे असले तरी या लेखाच्या विषयात त्याची जागा लहान आहे. मला अधिक आशा आहे ती तालुक्याच्या गावी एखादे व्यायाममंडळ, महिलामंडळ किंवा शाळेचे माजी विद्यार्थी जे छोटे कार्यक्रम घडवून आणतात त्यांच्याविषयी. अशा मंडळींना एक विनंती आहे. माघ शुद्ध सप्तमीचा, रथसप्तमीचा दिवस आपल्याकडे सूर्यनमस्कारांसाठी पूर्वापार नेमलेला आहे, तो निवडावा. निधी कशासाठी हे आधी ठरवून, एकाच कामाचे नाव घेऊन सांगावे, ते काम आपल्याच पंचक्रोशीतले असावे. मांडव, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे हारतुरे यांवर जमलेल्यातला पैसा घालू नये. मुले, म्हातारी माणसे आणि ज्यांच्यापाशी देण्यास पैसा नाही अशांनाही रांगेत उभे करावे. आणि महिन्याच्या आत जमाखर्चाचा तक्ता, पै पैचा हिशेब मांडून, त्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या भिंतीवर लावावा.